मेंदूतल्या गाठींवर दुसऱ्यांदा रेडिओसर्जरी : कुणाला अनुभव आहे का? (आई, फुप्फुसाचा कॅन्सर)

कृष्णाकाठची | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे लोणच्यांच्या आणि कुंडीतल्या मिरच्यांच्या धाग्यांवर असते. आज विषय वेगळा आहे, आणि लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

आई, वय ६३. वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होती. तंबाखू सोडा, मशेरीसुद्धा कधी लावली नाही. दोन वर्षांपूर्वी खोकला हटेना. आधी टीबी समजून औषधं सुरू झाली (आपल्याकडे हे सर्रास होतं), तीन महिने वाया गेले, मग सीटी, बायोप्सी. फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा, चौथी पायरी. ईजीएफआर म्युटेशन (गाठीच्या पेशींतला एक जनुकीय बदल) निघालं, म्हणून सलाइन-केमोऐवजी गोळी मिळाली. आधी जेफिटिनिब.

चौदा महिन्यांपूर्वी डोकं दुखायला लागलं. एमआरआयमध्ये तीन गाठी. तिन्हींवर एका दिवसात रेडिओसर्जरी (चिरफाड नाही, नेमका गाठीवरच किरणांचा मोठा डोस) झाली, गोळी बदलून ऑसिमर्टिनिब सुरू केली. मोठी गाठ मेंदूच्या डाव्या परायटल (वरच्या-मागच्या) भागात, २.२ सेंमी, तिला १८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप). बाकीच्या दोन लहान होत्या. तिन्ही आक्रसल्या. आई परत भाजी आणायला जायला लागली.

आता परवाचा एमआरआय. दोन नवे ठिपके, ६ आणि ८ मिमी, त्यातला एक लहान मेंदूत. शिवाय ती जुनी डावीकडची गाठ, जी १.१ पर्यंत आली होती, ती पुन्हा १.९ झालीय आणि भोवती सूज. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय, ‘रिकरन्स किंवा रेडिएशन नेक्रोसिस’. म्हणजे हेही असेल नाहीतर तेही असेल.

एक डॉक्टर म्हणतात परत रेडिओसर्जरी करू. दुसरे म्हणतात, आता ठिपक्यांमागे धावू नका, पूर्ण मेंदूला दहा दिवस शेक, म्हणजे किरण, द्या. मामा म्हणतो, एकदा लाईट दिली ना, परत परत काय, डोकं भाजून निघेल तिचं.

आणि एक गोष्ट कुठल्याच रिपोर्टात नाही. आईला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा) हे अपूर्णांकांचे जुने पाढे सगळे तोंडपाठ. सकाळी परडीतली फुलं निवडताना पुटपुटत असते. गेल्या महिन्याभरात औटकी म्हणताना साडेतीन, सात, साडेदहा, चौदा इथवर येते आणि थांबते. जास्वंद हातात तशीच. मग पुन्हा पहिल्यापासून. मला कळलंय हे तिला माहीत आहे, पण आम्ही दोघीही बोलत नाही.

परत करायचं का? त्याच जागी दुसऱ्यांदा देता येतं का? पूर्ण शेकाने तिची ही गणितं जातील का? कुणी यातून गेलं असेल तर लिहा. पुढची ओपीडी मंगळवारी आहे.

शतपावली | १२ जून, रात्री ११:५८

वाचलं. अनुभव नाही, पण इथे ‘किरणोत्सारी’ म्हणून एक आयडी आहे, ते याच क्षेत्रातले आहेत. त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

चिपळूणचा_नाना | १३ जून, सकाळी ६:२०

ताई, माझ्या वडिलांचं तीनदा झालं. पहिल्यांदा चार गाठी, नऊ महिन्यांनी दोन, पुढच्या वर्षी अजून एक. तिन्ही वेळा जागा वेगळ्या होत्या. अण्णा आता नाहीत, पण गेले ते छातीमुळे. डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. जायच्या आठवड्यात मला बँकेच्या मुदत ठेवींच्या तारखा सांगत होते.

डोकं हलू नये म्हणून बसवतात त्या फ्रेमचं मात्र सांगतो, कारण कुणी आधी सांगत नाही. पहाटे कपाळावर दोन आणि मागे दोन अशा चार जागी भुलीची इंजेक्शनं देतात आणि स्क्रू कसतात. इंजेक्शन झोंबतं. स्क्रू कसताना दुखत नाही, पण घट्ट पागोटं बांधल्यासारखा दाब येतो, अर्ध्या तासात सवय होते. अण्णांना सगळ्यात राग आला तो चहा मिळाला नाही याचा. तिसऱ्या वेळी फ्रेम नव्हती, जाळीचा मास्क होता. कोमट ओला मास्क चेहऱ्यावर ताणून बसवतात, तो थंड झाला की कडक होतो. अण्णा म्हणाले, यापेक्षा स्क्रू बरे, निदान नाक खाजवता येतं.

मामांना सांगा, भाजत वगैरे काही नाही. संध्याकाळी आम्ही परळहून दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत चालत परत गेलो होतो.

किरणोत्सारी | १३ जून, रात्री ९:१५

शतपावली, निरोप मिळाला. कृष्णाकाठची ताई, मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे, पण तुमच्या आईंच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत. तेव्हा हे मत न समजता मंगळवारी काय विचारायचं याची तयारी समजा.

आधी ‘परत’ या शब्दाची फोड करू, कारण सगळा घोळ तिथे आहे. नव्या जागी उगवलेल्या ठिपक्यावर रेडिओसर्जरी करणं आणि आधी किरण दिलेल्या त्याच गाठीवर पुन्हा करणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे दोन्ही एकदम आल्यात, म्हणून दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलतायत असं वाटतं.

नवे दोन ठिपके आधी घेऊ. मेंदूच्या त्या भागाने मोठा डोस कधी पाहिलेलाच नाही. त्या जागेपुरती ही पहिलीच वेळ. रेडिओसर्जरीत डोस गाठीच्या कडेपासून एकदम उतरतो, सह्याद्रीच्या कड्यासारखा, घाटासारखा नागमोडी नाही. म्हणूनच वर्षाने शेजारच्या जागी पुन्हा करता येतं.

नवे ठिपके आले म्हणजे पहिली ट्रीटमेंट फसली, असंही नाही. २०१६ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. एक ते तीन गाठींचे २१३ रुग्ण, निम्म्यांना नुसती रेडिओसर्जरी, निम्म्यांना तीच अधिक पूर्ण मेंदूला शेक. वर्षभरानंतर मेंदू काबूत राहण्याचं प्रमाण नुसत्या रेडिओसर्जरीत ५०.५ टक्के, शेक जोडला तर ८४.९ टक्के. म्हणजे शेक न देता निम्म्या लोकांत वर्षभरात कुठेतरी काहीतरी निघतंच. पण आयुष्यमानात दोन गटांत फरक पडला नाही. आणि तीन महिन्यांनी बुद्धीच्या चाचण्यांत घसरण झाली ती नुसत्या रेडिओसर्जरीत ६३.५ टक्के लोकांत, शेक घेतलेल्यांत ९१.७ टक्के लोकांत. हे आकडे पाहून आम्ही लोक ठरवून म्हणतो की शेक राखून ठेवू, दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय काढू, निघालं तर टिपू. पुन्हा करावं लागणं हे त्या योजनेत धरलेलंच असतं. पहिल्या वेळी हे रुग्णाला नीट सांगितलं जात नाही, ही आमची चूक.

किती निघाले यापेक्षा किती वेगाने निघाले ते आम्ही बघतो. नवे ठिपके भागिले मधली वर्षं. तुमचे दोन ठिपके चौदा महिन्यांत, म्हणजे वर्षाला दोनाच्या आतच. २०१७ च्या ज्या अभ्यासाने हे गणित मांडलं, त्यात चारच्या आत हा संथ गट, तेराच्या वर हा वेगवान गट. त्यांनी दिलेलं आयुष्यमान मी मुद्दाम इथे लिहीत नाही. ते नव्या गोळ्यांच्या आधीच्या काळातल्या लोकांचं आहे आणि रात्री बारा वाजता मोबाइलवर वाचायची ती गोष्ट नव्हे. तुमचा वेग संथ आहे एवढं लक्षात ठेवा.

जुन्या गाठीबद्दल उद्या लिहितो, दवाखान्यात इमर्जन्सी आलीय.

रातराणी | १३ जून, रात्री १०:०२

उद्याची वाट बघतेय. जुन्या गाठीबद्दल मलाही लिहायचंय, पण डॉक्टरांनंतर.

औषधी_झाड | १४ जून, सकाळी ७:४५

किरणांनी कॅन्सर वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण सांगणार कोण. माझ्याकडे एक काढा आहे, नंबर देतो

*(संपादक : प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. आजारपणाच्या धाग्यांवर औषधविक्री चालणार नाही.)*

लीड्सकर | १४ जून, दुपारी २:३०

इथे इंग्लंडमध्ये मी नर्स आहे, न्यूरो वॉर्डला. आमच्याकडे सरकारी सेवेत रेडिओसर्जरीसाठी गाठींच्या संख्येची मर्यादा नसून एकूण घनफळ बघतात, साधारण २० घनसेंमीच्या आत. जपानी लोकांनी २०१४ मध्ये ११९४ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात पाच ते दहा गाठीवाले आणि दोन ते चार गाठीवाले, दोघांचं सरासरी आयुष्यमान सारखंच निघालं, १०.८ महिने. तेव्हापासून ‘तीनपेक्षा जास्त म्हणजे शेक’ हा जुना नियम ढिला पडला. तुमचे दुसरे डॉक्टर कदाचित त्या जुन्या नियमातले असतील. राग मानू नका, आमच्याकडेही असे आहेत.

किरणोत्सारी | १४ जून, रात्री १०:५०

आता जुनी गाठ. १.१ ची १.९ झाली. दोन शक्यता. कॅन्सर परत वाढतोय, किंवा किरणांनी मेलेला भाग आणि त्याभोवतीच्या फुटक्या-गळक्या रक्तवाहिन्या सूज धरून बसल्यात. यालाच नेक्रोसिस म्हणतात. साध्या एमआरआयमध्ये दोन्ही चकाकतात, दोन्हींभोवती पाणी धरतं. नेक्रोसिस बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत दिसतो, म्हणजे चौदावा महिना त्याच्या ऐन हंगामातला आहे.

हे ओळखल्याशिवाय तिथे दुसऱ्यांदा किरण देऊ नका, हा माझा एकमेव हट्टाचा सल्ला. कॅन्सर असेल तर परत डोस देता येतो. दहातल्या साधारण सात गाठी वर्षभर काबूत राहतात, नेक्रोसिसचा धोका मात्र पहिल्यापेक्षा वाढतो. पण मुळात नेक्रोसिसच असेल आणि त्यावर आणखी किरण दिले, तर आगीत तेल.

ओळखायचं कसं? परफ्युजन एमआरआय, म्हणजे गाठीत रक्त किती खेळतंय ते. जिवंत गाठ रक्त ओढते, मेलेली नाही. जोडीला स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं मोजणारी तपासणी), जमलं तर अमिनो ॲसिडचं पेट स्कॅन. साधं साखरेचं पेट मेंदूत फार उपयोगी नसतं, कारण मेंदू मुळातच साखर खातो आणि सगळीकडे उजेड दिसतो. तरीही संशय उरला तर बायोप्सी, किंवा जागा सोयीची असेल तर गाठ काढूनच टाकायची. आणि कधीकधी नुसतं सहा-आठ आठवडे थांबून परत एमआरआय काढायचा. थांबणं हाही निर्णय असतो, पण नातेवाइकांना तो आवडत नाही.

एक गंमत सांगतो. २.२ सेंमीला १८ ग्रे हा डोस आला कुठून? २००० साली छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासातून : २ सेंमीपर्यंत २४, ३ पर्यंत १८, ४ पर्यंत १५ ग्रे. जगभर आम्ही हाच तक्ता पाठ करतो. पण तो अभ्यास ज्या १५६ लोकांवर झाला, त्या सगळ्यांना आधी साधं रेडिएशन मिळालेलं होतं. म्हणजे ज्या तक्त्यावरून पहिली रेडिओसर्जरी होते, तो ‘परत’ वाल्यांनीच काढून दिलाय. त्यांच्यात दोन वर्षांनी नेक्रोसिसचं प्रमाण ११ टक्के होतं. तुमच्या मामांना हे सांगा. आधी किरण घेतलेल्या मेंदूला पुन्हा देण्याचा विचार आजकालचा नाही.

आणि औटकी. ताई, तुम्ही नकळत न्यूरॉलॉजीची तपासणी केलीत. अंकगणित मेंदूत जिथे चालतं, त्यातला मोठा वाटा डाव्या परायटल भागाचा. गाठ तिथेच, सूजही तिथेच. तेव्हा ‘स्मृती चालली’ म्हणून लगेच घाबरू नका. सुजेने तो भाग चेपला असेल. डेक्सा (डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टेरॉइड) सुरू केल्यावर औटकी पुढे सरकते का बघा. सरकली तर सूज हेच कारण. पण एक लक्षात घ्या, त्यावरून गाठ कॅन्सरची की नेक्रोसिसची हे कळत नाही, डेक्साने दोन्हींची सूज उतरते.

पूर्ण मेंदूच्या शेकाचं तुम्ही विचारलंत. तो वाईट नाही, त्याची वेळ वेगळी. ठिपके मोजण्यापलीकडे गेले, किंवा कॅन्सर मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरला, तर तोच. तेव्हाही हिप्पोकॅम्पस (स्मृतीचा भाग) वाचवून देता येतो, जोडीला स्मृती जपायला मेमँटिनची गोळी देतात. पण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये जे लोक ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरीच्या पलीकडे गेले होते, अशा ५३८ जणांवर ब्रिटन-ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला, तोही २०१६ मध्ये छापला. शेक अधिक डेक्सा एका गटाला, नुसतं डेक्सा आणि शुश्रूषा दुसऱ्याला. आयुष्यात फरक जवळजवळ नाही, जगण्याच्या दर्जातही ठळक नाही. तेव्हा ‘काहीतरी करायचं म्हणून शेक’ या कारणासाठी तो नको.

शेवटचा प्रश्न ऑन्कॉलॉजिस्टना : छाती आणि बाकी शरीर स्थिर आहे का? असेल तर ठिपके टिपून गोळी तीच चालू ठेवता येते. तिथेही वाढलं असेल तर औषधाचा विचार बदलतो. टाटा मेमोरियलने ३५० रुग्णांवर जेफिटिनिबला केमोची जोड देऊन पाहिली होती, निकाल २०२० मध्ये आले. आजार काबूत राहायचा काळ आठ महिन्यांवरून सोळावर गेला. ऑसिमर्टिनिबलाही तशी जोड देतात. ते तुमच्या मंगळवारच्या यादीत असू द्या.

रातराणी | १५ जून, रात्री १२:१०

आता लिहिते.

माझ्या नवऱ्याचं दुसरं रेडिओसर्जरीचं सेशन त्याच गाठीवर झालं होतं. उजवीकडे, पुढच्या भागात. आम्हाला कुणी परफ्युजन वगैरे सुचवलं नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ‘वाढलीय, परत देऊ’ म्हणाले, आम्ही सही केली. सात महिन्यांनी सूज एवढी वाढली की डावा पाय ओढायला लागला. डेक्सा आठ महिने. साखर तीनशेच्या घरात, चेहरा सुजून ओळखू येईना, मांड्यांतली ताकद गेली, कमोडवरून उठवायला दोघं लागायचे. रात्री दोनला उठून पोळ्या मागायचा. शेवटी ऑपरेशन करून ती गाठ काढली तेव्हा तिच्यात कॅन्सरची एकही पेशी नव्हती.

कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. तो त्यानंतर अडीच वर्षं होता आणि त्यातली दोन चांगली गेली. पण डॉक्टरांनी वर जो हट्ट लिहिलाय तो चार वर्षांपूर्वी मला कुणी सांगायला हवा होता.

डेक्सा लवकर उतरवायला लावा, पण हळूहळू, मनाने एकदम बंद करू नका. तोंडात पांढरं धरतंय का रोज बघा. आणि फिटच्या गोळीने आई चिडचिडी झाली तर तिच्यावर रागावू नका, औषधाचं असतं ते. मी रागावले होते.

कृष्णाकाठची | १५ जून, सकाळी ६:०५

रातराणी, काय लिहू. रात्रीच वाचलं. मग झोप नाहीच.

कोबाल्ट_काका | १५ जून, दुपारी १:२०

मी मेडिकल फिजिसिस्ट, निवृत्तीला आलेला. किरणोत्सारी यांनी डोसचं छान लिहिलंय, मी फक्त कागदपत्रांचं सांगतो, कारण ‘परत’ मध्ये घोडं अडतं ते तिथे.

दुसऱ्या वेळी प्लॅन करताना पहिल्या वेळचा डोस मेंदूत नक्की कुठे किती पडला ते समोर लागतं. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, रंगीत प्रिंटही पुरत नाही. ‘डायकॉम’ स्वरूपातल्या चार गोष्टी मागा : प्लॅनिंगचे एमआरआय-सीटी, गाठींच्या आखलेल्या कडा, प्लॅन, आणि डोसची फाइल. ती आमच्या संगणकात नव्या एमआरआयवर चढवतो, मग दिसतं की नव्या ठिपक्याचा डोस जुन्यावर किती सांडतोय. मेंदूच्या किती घनसेंमी भागाला १२ ग्रेच्या वर मिळतंय हा आकडा आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. ५ घनसेंमीपर्यंत नेक्रोसिसचा धोका साधारण १० टक्के, १० ला १५, १५ ला २० टक्के. एका गाठीपुरता हा हिशेब आहे. त्याच जागी दुसऱ्यांदा देताना तो आणखी कडक धरायचा.

लोक सीडी घेऊन येतात आणि तिच्यात नुसते एमआरआयचे फोटो असतात. घरी उघडून बघून कळणार नाही, तिथेच फिजिक्सच्या खोलीत विचारा. आमच्या लोकांना कुणी नातेवाईक कधी भेटायला येत नाही, आलात तर आनंदाने देतील.

एक अवांतर. गॅमा नाइफ, सायबरनाइफ, लिनॅक या रेडिओसर्जरीच्या यंत्रांत कुठलं चांगलं यावर वेळ घालवू नका. गॅमा नाइफ हे १९५१ साली रेडिओसर्जरीची कल्पना मांडणाऱ्या लेक्सेल या स्वीडिश सर्जनचं अपत्य. आपल्याकडे १९९७ साली मुंबईत हिंदुजात आणि दिल्लीत एम्समध्ये आलं. नव्या यंत्रांत कोबाल्टचे १९२ स्रोत असतात. कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून जुन्या स्रोतांवर तोच डोस द्यायला दुप्पट वेळ लागतो. एवढाच फरक आईंना जाणवेल, किती वेळ पडून राहायचं याचा. नाइफ म्हणतात, पण सुरी कशातच नाही.

वैद्य_अनंतमूळ | १५ जून, सायंकाळी ५:४०

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, पण वरच्या काढेवाल्यांच्या पंगतीत मला बसवू नका. सुजेबद्दल एक खरी गोष्ट आहे म्हणून लिहितो. आपल्या सातपुड्यात साळईचं झाड असतं, त्याचा डिंक म्हणजे शल्लकी. जर्मनीत २०११ साली मेंदूला रेडिएशन घेणाऱ्या ४४ रुग्णांवर चाचणी झाली, अर्ध्यांना रोज ४२०० मिलिग्रॅम शल्लकीचा अर्क, अर्ध्यांना खोटी गोळी. सूज पाऊण हिश्श्यापेक्षा जास्त उतरली ती अर्कवाल्या ६० टक्के लोकांत, खोट्या गोळीवाल्या २६ टक्क्यांत. चाचणी लहान होती आणि ती रेडिएशन चालू असतानाच्या सुजेची होती, चौदा महिन्यांनंतरच्या नेक्रोसिसची नव्हे. डोसही मोठा, कॅप्सूलच्या चार-पाच बाटल्या महिन्याला संपतील. आणि ऑसिमर्टिनिब चालू असताना ऑन्कॉलॉजिस्टना सांगितल्याशिवाय माझंही औषध घेऊ नका.

किरणोत्सारी | १५ जून, रात्री ८:३०

वैद्यबुवा, हा अभ्यास मी रुग्णांच्या तोंडून ऐकतो तेव्हा त्यात ‘४४ रुग्ण’ हा भाग कधीच नसतो. तुम्ही तो लिहिलात, आनंद वाटला. नेक्रोसिसच निघाला आणि डेक्साने भागलं नाही तर आमच्याकडे बेवासिझुमॅबचं इंजेक्शन आहे. त्याचीही चाचणी केवळ १४ जणांची, पण औषध मिळालेल्या सगळ्यांची सूज उतरली. रक्तदाब, रक्तस्राव, गुठळ्या याकडे लक्ष ठेवावं लागतं.

भटकी_मनी | १५ जून, रात्री ९:१२

विषयाला धरून नाही, पण औटकी वाचून आमचे आजोबा आठवले. ओटीवर झोपाळ्यात बसून म्हणायचे : साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, सत्तावीस... पुढचं मला येत नाही. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

साधा_माणूस | १६ जून, सकाळी ११:००

महात्मा फुले योजनेत बसतं का हे ॲडमिशनच्या आधी आरोग्यमित्राला विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. रेशनकार्ड आणि आधारवर नाव एकच लिहिलंय ना बघा. आमचं ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ यात चार दिवस गेले.

कृष्णाकाठची | १९ जून, रात्री १०:३०

मंगळवार झाला. यादी घेऊन गेले होते, डॉक्टरांनी यादीच हातात घेतली आणि एकेक उत्तर दिलं. चष्म्यावरून बघून विचारलं, कुणी डॉक्टर आहे का घरात? म्हटलं, नाही, मायबोलीतले शेजारी आहेत.

परफ्युजन झालं. जुन्या गाठीत रक्त फारसं खेळत नाही, नेक्रोसिसकडे झुकतंय. छातीचा सीटी स्थिर. ट्यूमर बोर्डात (सगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत) ठरलं : दोन नव्या ठिपक्यांवर रेडिओसर्जरी, जुनीला हात लावायचा नाही, डेक्सा थोडे दिवस, आठ आठवड्यांनी परत एमआरआय. पूर्ण शेक नाही.

पहिल्या दवाखान्यातून डोसची फाइल मिळवायला तीन खेपा झाल्या. आधी म्हणाले आमच्याकडे अशी काही फाइल नसतेच. काका, तुम्ही म्हणालात तसं फिजिक्सच्या खोलीत गेले. एका मुलीने दहा मिनिटांत काढून दिली.

डेक्साच्या चौथ्या दिवशी सकाळी आई देवघरात होती, मी स्वयंपाकघरात. साडेसतरा ऐकू आलं. मग एकवीस. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.

चिपळूणचा_नाना | १९ जून, रात्री १०:४१

बास. झोपतो आता.

कृष्णाकाठची | २२ ऑगस्ट, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. जुलैत सेशन झालं, मास्कवर, दोन्ही ठिपके मिळून पाऊण तास. दुसऱ्या दिवशी आईने वाल निवडले. परवा एमआरआय : लहान मेंदूतला ठिपका जेमतेम दिसतो, दुसरा अर्ध्यावर आलाय. जुनी गाठ १.९ ची १.६, सूज कमी. डेक्सा पंधरा दिवसांपूर्वी पूर्ण बंद केलं, हळूहळू, रातराणीने सांगितलं तसं. चेहऱ्याची सूज उतरतेय. जिना चढताना मांड्या अजून भरून येतात, फिजिओ चालू आहे. पुढचा एमआरआय ऑक्टोबरात, आणि तेव्हा नवा ठिपका निघू शकतो हे या वेळी आम्हा दोघींनाही माहीत आहे. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं. ती म्हणाली, मग परत येऊ.

रातराणी | २२ ऑगस्ट, रात्री १०:१५

वाचून फार बरं वाटलं गं.

किरणोत्सारी | २३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

छान. १.६ वर खूश होऊन ऑक्टोबरचा एमआरआय मात्र लांबवू नका. आणि या वेळच्या प्लॅनची फाइल आत्ताच मागून घरात ठेवा, तीन खेपा वाचतील.

कृष्णाकाठची | २३ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०

फाइल आणलीय डॉक्टर, कपाटात आहे.

काल मी आईला हा धागा दाखवला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, दीड तास लागला. रातराणीच्या प्रतिसादावर बराच वेळ थांबली होती. मग मला म्हणाली, त्या मनी नावाच्या मुलीला कळव. साडेतीन आठे अठ्ठावीस. सत्तावीस नव्हे. आणि एवढ्या माणसांनी वाचलं, कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?